पनामा कालव्याची चौदा रात्रींची क्रूझ, आई-बाबा आणि पोरांसकट

पनामा कालव्याच्या क्रूझवरून आल्यापासून फोनवर, मंडळाच्या कार्यक्रमात, पोरांच्या क्लासबाहेर सगळीकडे तेच दोन प्रश्न येतायत. चौदा रात्री बोटीवर कंटाळा नाही का आला? आणि डिस्नीची बोट म्हणजे मिकी माऊस, त्यात आई-बाबांना काय बघायला मिळालं? दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते नीट सांगावं म्हणून लिहायला बसलेय. माझ्या बाबांना रिटायर झाल्यापासून एवढं खुललेलं मी बघितलं नव्हतं जेवढं त्या कालव्याच्या दिवशी बघितलं, आणि तो दिवस आम्हाला सगळ्यांना मिळून असा निवांत मिळाला कारण बोट मुलांची होती.

बाबा पाटबंधारे खात्यातले. सगळी नोकरी कालवे, चाऱ्या, दरवाजे, पावसाळ्यात रात्री-अपरात्री विसर्गाचे फोन यात गेली, त्यातली बरीच वर्षं पैठणला जायकवाडीवर. इथे ह्यूस्टनला आमच्याकडे आले की मॉल आणि म्युझियम दाखवून होतं, पण त्यांचं मन रमत नाही हे दिसतं ना. आईचे गुडघे दुखतात, तिला फार चालवत नाही. मुलगी नऊची, मुलगा पाचचा. अशा सगळ्यांना झेपेल आणि बाबांना मनापासून आवडेल असं काय, तर नवरा एका रात्री म्हणाला की पनामा कालवा. मला आधी वाटलं हा गंमत करतोय. तो आठवडाभर बोटींचे नकाशेच बघत बसला होता.

आता बोट कुठली घ्यायची हा महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते. पनामा कालव्यात आता दोन प्रकारची लॉक आहेत, लॉक म्हणजे दारं असलेल्या पाण्याच्या मोठ्या खोल्या, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट पायरीपायरीने वर-खाली करतात. जुनी १९१४ सालची, आणि २०१६ मध्ये सुरू झालेली नवीन मोठी. जुन्या लॉकची एकेक खोली ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब आहे. डिस्नीच्या पहिल्या दोन बोटी, मॅजिक (१९९८) आणि वंडर (१९९९), या मापात बसतील अशाच बांधल्यात, वंडरची रुंदी साधारण ३२.२ मीटर आहे म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते. नंतरच्या ड्रीम, फँटसी, विश वगैरे सगळ्या मोठ्या, त्या जुन्या लॉकमध्ये शिरूच शकत नाहीत. नवीन लॉक इंजिनियरिंग म्हणून भारी आहेत, पण तिथे दारं बाजूला सरकतात, बोटीला टगबोटी (छोट्या ताकदवान बोटी) धरतात आणि भिंत बरीच लांब राहते. जुन्यात तुम्ही डेक चारवर उभे राहिलात की शंभर वर्षांपूर्वीचं काँक्रीट हात लांब केला तर लागेल की काय असं वाटतं. त्यामुळे बोट जुनी आहे, लहान आहे, वॉटर स्लाइड छोटी आहे असं ऐकून नाराज होऊ नका, कालव्यासाठी हीच बोट पाहिजे.

आम्ही वंडर घेतली, न्यू ऑर्लिन्सहून सॅन दिएगोपर्यंत. हंगामाप्रमाणे बोट अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर न्यायची असली की कालव्यातून जावंच लागतं आणि ती फेरी प्रवाशांना विकतात, म्हणून वर्षातून अगदी मोजक्याच असतात. बुकिंग उघडलं की लगेच करायला लागतं. आणि एकतर्फी असल्यामुळे जाताना आम्ही भाड्याची गाडी घेऊन न्यू ऑर्लिन्सला सोडली आणि येताना सॅन दिएगोहून विमान पकडलं.

व्हिसाचं पण इथेच सांगते कारण आई-बाबांना नेणाऱ्यांचा पहिला फोन त्याचसाठी असतो. त्यांचा अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा असायलाच पाहिजे कारण तुम्ही देशाबाहेर जाऊन परत आत येता. आपण एच-वन वर असू तर पासपोर्टवर चालू स्टँप पाहिजे, नुसता अप्रूव्हलचा कागद पुरत नाही. मेक्सिको आणि कोलंबियाला चालू अमेरिकन व्हिसावर भारतीय पासपोर्ट चालतो, पण हे नियम बदलत असतात, कोलंबियाला तर व्हिसाची ठराविक मुदत शिल्लक लागते, तेव्हा बुकिंगच्या आधी त्या त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर बघाच.

या कोलंबियाच्या थांब्यामागे एक भारी गोष्ट आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला एका अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवता येत नाहीत, मध्ये एका 'दूरच्या परदेशी बंदरा'ला थांबल्याशिवाय. आणि दूरचं म्हणजे मेक्सिको, बहामा, केमन, पनामा यातलं काहीच चालत नाही, दक्षिण अमेरिका लागते किंवा अरुबा, क्युरासाओसारखी दोन-तीन बेटं. डिस्नीच्या बोटींवर बहामाचा झेंडा आहे. म्हणून न्यू ऑर्लिन्सहून सॅन दिएगोला जायचं तर कोलंबियातल्या कार्तागेनाला जाऊन यायचं, कायद्यासाठी. बाबांना हे इतकं आवडलं, सरकारी माणूस शेवटी, म्हणाले, "अगं, एका जुन्या कलमापायी एवढी मोठी बोट कोलंबियाला जाते बघ."

न्यू ऑर्लिन्सहून निघायचा एक मोठा फायदा म्हणजे मिसिसिपी. बोट सुटली की लगेच समुद्र नाही, दीडेकशे किलोमीटर नदीतूनच उतरायचं असतं, कितीतरी तास. दोन्ही काठांना बंधारे, रिफायनऱ्या, धान्याच्या कोठ्या, मध्येच झाडी, आणि नदीची पातळी काठामागच्या रस्त्यापेक्षा वर आहे हे बोटीवरून स्वच्छ दिसतं. बाबा जेवायला यायलाच तयार नव्हते.

कार्तागेनाआधीचं ग्रँड केमन पटकन सांगून टाकते. तिथे मोठ्या बोटीला धक्का नाही, समुद्रात नांगर टाकून छोट्या होड्यांतून नेतात, आईच्या गुडघ्यांमुळे ती आणि बाबा बोटीवरच राहिले आणि अर्धी बोट रिकामी असल्याने त्यांची चंगळ झाली. कार्तागेनाला मात्र सगळे उतरलो. तटबंदीतलं जुनं शहर सुंदर आहे, सान फेलिपे किल्ला बघण्यासारखा आहे, पण उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्याइतका, तेव्हा वयस्कर माणसांना सकाळी लवकर नेऊन अकरापर्यंत परत आणा.

कालव्याच्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही डेकवर होतो. बाहेर काळोखात शेकडो दिवे, सगळी जहाजं आपापल्या नंबरची वाट बघत उभी. कालव्याचा पायलट चढला. जगात बाकी ठिकाणी पायलट कॅप्टनला वाट सांगतो, इथे जहाजाचा ताबाच त्याच्याकडे जातो. नवीन अटलांटिक पुलाखालून गेलो आणि समोर गातूनची लॉक, तीन पायऱ्या, आणि वरच्या पायरीतलं जहाज चक्क आपल्या डोक्याच्या वर तरंगताना दिसतं. हे चित्रात कितीही बघितलं तरी समोर बघणं वेगळं आहे. आई म्हणाली, "अगंबाई, ते तिकडे वर कसं गेलं?"

मग एका छोट्या वल्ह्यांच्या होडीतून दोन माणसं आली आणि बोटीचा दोर घेऊन भिंतीकडे गेली. एवढी मोठी बोट, आणि पहिला दोर आजही वल्हवत आलेला माणूसच नेतो. इतर बऱ्याच पद्धती वापरून बघितल्या म्हणे, याच्याइतकी खात्रीची कुठलीच निघाली नाही. त्या दोरामागून पोलादी केबल जाते आणि ती रुळांवरच्या विजेच्या इंजिनांना बांधतात. त्यांना म्यूल म्हणतात, खेचरं. लोकांना वाटतं ती बोट ओढतात, तसं नाहीये, बोट स्वतःच्या इंजिनावर पुढे जाते आणि ही दोन्ही बाजूंनी केबल ताणून तिला बरोबर मध्ये धरतात, भिंतीला घासू देत नाहीत. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना ती इंजिनं उभ्या चढावर चढतात. आमचा धाकटा, जो रोज सकाळी उठल्याबरोबर किड्स क्लबकडे पळायचा, तो त्या इंजिनांसमोरून हलला नाही. त्याने आपणहून आजोबांचा हात धरला आणि एकेका इंजिनाचा नंबर वाचत राहिला.

आणि बाबा घड्याळ लावून उभे. खोली भरायला किती वेळ लागतो ते बघत होते, आठ-दहा मिनिटांत बोट वर येत होती, आपल्याला कळतही नाही, फक्त शेजारची भिंत खाली खाली जाते. यात पंप नाही हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की पोरांना पाठ झालं. एकही पंप नाही. वर गातून तलाव आहे, भिंतींच्या पोटात साडेपाच मीटर व्यासाचे बोगदे आहेत, झडप उघडली की पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि तळातल्या भोकांमधून शांतपणे वर येऊन बोटीला उचलतं. तीन पायऱ्या मिळून २६ मीटर. दारं दोन मीटर जाड, आतून पोकळ, त्यामुळे पाण्यात त्यांचं वजन हलकं होतं, सुरुवातीला एकेका दाराला फक्त ४० हॉर्सपॉवरची मोटर होती. बाबा म्हणाले, आपल्याकडे विहिरीवर साडेसातची मोटर असते, तशा पाच-सहा मोटरींवर हे दार हलायचं, १९१४ साली. त्यांचा आवाज बोलताना चढला होता. शेजारी एक अमेरिकन आजोबा उभे होते, ते नौदलात होते, मग या दोघांची जी गट्टी जमली ती सॅन दिएगोपर्यंत. बाबांचं इंग्रजी ऑफिसातलं, कागदावरचं, अमेरिकनांशी बोलताना एरवी संकोचतात, पण त्या दिवशी हाताने दारं, झडपा, उतार सगळं दाखवत तासभर बोलत होते.

गातूनचं धरण मातीचं आहे, जायकवाडीसारखं, मध्ये काँक्रीटचा सांडवा. चाग्रेस नदी अडवून हा तलाव केला, तेव्हा जगातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव होता. तलावात साधारण ५.२ घन किलोमीटर पाणी, बाबांनी लगेच टीएमसीत केलं, १८३ च्या आसपास, म्हणजे कोयनेच्या पावणेदोन पट. मग पुढचा हिशोब. एक जहाज जुन्या लॉकमधून पलीकडे जायला साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी लागतं आणि ते शेवटी समुद्रात जातं. दिवसाला ३६ जहाजं धरली तर चार दिवसांत एक टीएमसी. एक टीएमसी! पुण्यात किंवा मराठवाड्यात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

म्हणूनच २०२३ साली पाऊस कमी पडला तेव्हा कालव्याची पंचाईत झाली होती, दिवसाची जहाजं २२-२४ वर आणावी लागली, बाहेर रांगा लागल्या. आणि हाच तलाव पनामा सिटी आणि कोलोन शहरांना पिण्याचं पाणी देतो. बाबा रेलिंगला धरून बराच वेळ पाण्याकडे बघत होते, मग म्हणाले, "इथेही तेच गं. वरच्यांना पाहिजे, खालच्यांना पाहिजे, प्यायला पाहिजे, धंद्याला पाहिजे. आणि पाऊस काही आपल्या हातात नाही." नाशिक-नगरचं पाणी जायकवाडीला सोडायच्या भांडणात ज्या माणसाची कितीतरी वर्षं गेली त्याच्या तोंडून हे ऐकताना मला पहिल्यांदा त्यांची नोकरी समजली असं वाटलं. लहानपणी फक्त एवढंच कळायचं की बाबा पावसाळ्यात घरी नसतात. नवीन लॉकमध्ये म्हणे शेजारी टाक्या केल्यात आणि प्रत्येक वेळचं साधारण ६० टक्के पाणी परत वापरतात. यावर त्यांना अजून वाचायचं आहे, मुलीने लायब्ररीतून पुस्तक आणून दिलंय.

तलावावर दोन-तीन तास नुसतं जंगल आणि पाणी. पाण्यातून कुठे कुठे बुडलेल्या झाडांचे बुंधे अजून दिसतात. बारो कोलोराडो नावाचं बेट लागतं, ते खरं तर डोंगराचा माथा, तलाव भरला तेव्हा बेट झालं, आणि तिथे कित्येक दशकं अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ जंगलाचा अभ्यास करतायत. या वेळात खाली जाऊन जेवून या, कारण पुढे कुलेब्रा कट लागतो आणि तिथे खाली बसायचं नाही.

मुलीने मध्येच फोनवर होकायंत्र उघडलं आणि आम्हाला सगळ्यांना चक्रावून टाकलं. आपण अटलांटिककडून पॅसिफिककडे चाललोय म्हणजे पश्चिमेला, पण यंत्र आग्नेय दाखवत होतं. पनामाची भूमी तिथे अशी वळलेली आहे की पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला येतं. तिने डायनिंग टेबलवर नकाशा पसरून सगळ्यांना समजावलं, आणि तिच्या शाळेच्या डायरीत त्या दिवसाची पाच पानं भरली (शाळेने सुट्टी देताना रोज एक पान लिहायची अट घातली होती).

कुलेब्रा कट म्हणजे डोंगर फोडून केलेला तेराएक किलोमीटरचा भाग. फ्रेंचांनी १८८१ मध्ये काम सुरू केलं, सुएझ कालवा करणारे द लेसेप्स, समुद्रसपाटीचाच कालवा खणायचा हट्ट, आणि कंपनी १८८९ मध्ये बुडाली. त्या काळात साधारण २२ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. मग १९०४ पासून अमेरिकन, त्यांच्या काळातली नोंद ५,६०९ ची. पिवळा ताप, मलेरिया, दरडी, सुरुंग. कामगार मुख्यतः वेस्ट इंडीजमधले काळे लोक, एकट्या बार्बाडोसहून वीसेक हजार आले होते, आणि पगाराच्या याद्या दोन होत्या, गोऱ्या अमेरिकनांची सोन्याची आणि यांची चांदीची. राहायच्या जागा वेगळ्या, खाणावळी वेगळ्या, पोस्टाची खिडकीसुद्धा वेगळी. मी हे मुलीला मुद्दाम सांगितलं. बोटीवरच्या लाऊडस्पीकरवरून छान माहिती देत होते, पण कालवा बघताना या माणसांबद्दल थोडं थांबून बोलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आईने विचारलं, एवढी माणसं गेली तर त्यांची नावं कुठे लिहिलीत का? या कटला बरीच वर्षं नाव होतं ते गेलार्ड या अमेरिकन इंजिनियरचं.

मलेरियावरून आपल्याकडचा एक धागा आहे. डासांतून मलेरिया पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबादला मिळाला. पिवळा तापही डासांमुळेच पसरतो हे क्युबात सिद्ध झालं. फ्रेंचांना हे माहीतच नव्हतं, त्यांच्या हॉस्पिटलात मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे आणि त्यातच डास व्हायचे. अमेरिकनांच्या डॉक्टर गोर्गसने साचलेलं पाणी काढणं, जाळ्या, रॉकेलची फवारणी यावर जोर दिला आणि पिवळा ताप दोनेक वर्षांत आटोक्यात आणला. इंजिनियर मोठे होतेच, पण हा कालवा तितकाच डॉक्टरांचा आहे हे बाबांनीही मान्य केलं.

दुपारनंतर पेद्रो मिगेलची एक पायरी आणि मिराफ्लोरेसच्या दोन, आता खाली उतरायचं. मिराफ्लोरेसला बघायला लोकांसाठी मोठी इमारत आहे, गच्च्या माणसांनी भरलेल्या, आणि डिस्नीच्या बोटीचा भोंगा सिनेमातल्या गाण्यांच्या सुरात वाजतो, तो वाजल्यावर तिथली सगळी पोरं ओरडायला लागली आणि आमच्या बोटीवरची पोरंही ओरडायला लागली, पाच-दहा मिनिटं नुसता कल्ला. मिराफ्लोरेसची दारं सगळ्यात उंच आहेत कारण पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक खूप, अटलांटिकला फूट-दीड फूट आणि इथे सहा मीटरपर्यंत जातो. मग अमेरिकांना जोडणारा तो मोठा कमानी पूल, डाव्या हाताला पनामा सिटीचे टॉवर, आणि झालं, दुसरा समुद्र.

पैशांचं एक सांगायचं राहिलं. जहाजांना इथे जबरदस्त टोल असतो. २००८ च्या मे महिन्यात आमच्या बोटीची बहीण मॅजिक गेली तेव्हा ३,३१,२०० डॉलर भरले होते, तेव्हाचा तो विक्रम. आणि १९२८ मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन नावाचा माणूस हा कालवा पोहून गेला, त्याच्या वजनाप्रमाणे टोल घेतला ३६ सेंट.

आता मुलांची बोट आणि आई-बाबा. किड्स क्लब तीन वर्षांपासून आहे, तिकिटातच येतो, रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, मनगटाला पट्टा बांधतात, तिथून मुलांना परत आणायला गेलं की येत नाहीत. मोठ्या मुलांचे आणि टीनएजर्सचे क्लब वेगळे. त्यामुळे लांबच्या समुद्राच्या दिवसांत आई, बाबा, मी आणि नवरा असे चौघं तासन्‌तास नुसते गप्पा मारत बसलो. माझ्या लग्नानंतर एवढ्या गप्पा झाल्या नव्हत्या. घरी आले की मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, ते टीव्हीसमोर. इथे फोनला नेट नाही (वायफाय महाग आहे, आम्ही एकाच फोनला घेतलं), स्वयंपाक नाही, कुणाला कुठे सोडायचं-आणायचं नाही. आईने तिच्या सासरच्या पहिल्या वर्षाच्या अशा गोष्टी सांगितल्या ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

जेवणाची पद्धत मला फार आवडली. रोज रात्री हॉटेल बदलतं पण वाढणारी माणसं तुमच्याबरोबर फिरतात. आमचा वाढणारा गोव्याचा निघाला. आईचं माहेर मालवणचं, तिने नावाच्या बिल्ल्याखाली 'इंडिया' वाचलं आणि थेट विचारलं, "तू खयचो रे?" तो मडगावचा. मग काय, रोज आधीच्या रात्री तिला विचारून ठेवायचा उद्या काय पाहिजे, डाळ-भात, भाजी, पोळीसारखं काहीतरी, सगळं स्वयंपाकघरातून करून आणायचा. बाबांच्या गुरुवारी उकडलेला बटाटा, दही आणि फळं. तुम्हीही पहिल्याच रात्री सांगा, भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, फक्त एक दिवस आधी सांगावं लागतं. घरचे लाडू-चिवडा मात्र बोटीवर नेऊ देत नाहीत, दुकानातली सीलबंद पाकिटं चालतात, आम्ही राजगिऱ्याच्या चिक्क्या तशाच नेल्या. जाताना आईने त्या मुलाला घरचा पत्ता विचारून घेतलाय, गणपतीला मालवणला गेली की त्याच्या आईला भेटून येणार म्हणते. कित्येक महिने समुद्रावर असतात ही मुलं, घरी लेकरं ठेवून.

आणखी एक डिस्नीच्या बोटींवरची गंमत, खोलीच्या दाराबाहेर माशाच्या आकाराचा हुक असतो, त्याला लोक कापडी खिसे अडकवतात आणि ज्यांनी आधी नावं दिलीत ती कुटुंबं एकमेकांच्या खिशात छोट्या भेटी टाकतात. आई आणि मुलीने मिळून जाड कागदावर वारली चित्रांचे बुकमार्क केले, महिनाभर डायनिंग टेबलवर पांढरा रंग होता. लोक दार वाजवून विचारायला यायचे की हे काय आहे, कोण काढतं, आणि मुलगी सगळ्यांना तारपा नाच समजावून सांगायची. इतक्या दिवसांच्या क्रूझवर तेच तेच चेहरे रोज दिसतात त्यामुळे खरी ओळख होते, चार दिवसांच्या क्रूझवर ते होत नाही.

कालव्यानंतर मेक्सिको येईपर्यंत सलग समुद्रच. तेहुआंतेपेकच्या आखातात वारा जोरात असतो, तिथे बोट हलते, आईला थोडं मळमळलं. खोली बोटीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, कमी हलतं. आल्याच्या गोळ्या न्या, आणि वयस्कर माणसांसाठी बोटीवरच्या डॉक्टरचा खर्च देणारा इन्शुरन्स घ्याच घ्या. कपडे फार नेऊ नका, बोटीवर आपण चालवायची वॉशिंग मशीन आहेत. खोल्या आम्ही शेजारी-शेजारी मधल्या दाराच्या घेतल्या, आणि बऱ्याच खोल्यांत टॉयलेट वेगळं, आंघोळीची जागा वेगळी असते, सकाळी सगळ्यांचं आवरायला ते फार सोयीचं. मेक्सिकोतली पुएर्तो व्हायार्ता आणि काबो ही दोन्ही बंदरं छान, काबोला त्या खडकाच्या कमानीजवळ देवमाशाचं शेपूट दिसलं आणि धाकट्याने पहिल्यांदा म्यूल सोडून दुसऱ्या कशाचं चित्र काढलं.

कुठल्या दिशेने जावं हेही बरेच जण विचारतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जा. कालव्यानंतर सॅन दिएगोपर्यंत घड्याळ मागेच जात राहतं, त्या त्या रात्री एक तास झोप जास्त मिळते, उलट दिशेला तोच तास जातो आणि मुलं सकाळी उठत नाहीत. मार्चच्या आसपासची मिळाली तर पनामात पाऊस नसतो, ऊन मात्र भाजून काढतं, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या डेकवर घेऊनच उभे राहा. आणि कालव्याच्या आदल्या रात्री शो वगैरे सगळं सोडा, लवकर झोपा आणि पाचला उठून पुढच्या डेकवर जागा धरा, बाबा चारलाच आंघोळ करून तयार होते.